मदत हवी आहे: इनबोर्ड स्पीडबोट, २७०० आरपीएमला फरशीखालून घरघर आणि न्यूट्रलमध्ये खडखड. गिअरबॉक्स काढावा का?

निळीधार

बोट डायरेक्ट ड्राइव्ह इनबोर्ड आहे. इंजिन मधोमध, ५.७ लिटर व्ही-८ पेट्रोल. गिअरबॉक्सच्या पट्टीवर रेशो १.५ : १ लिहिलाय. शाफ्ट १ इंची स्टेनलेस, पंखा (प्रोपेलर) चार पात्यांचा.

हंगामाआधी पंखा दुरुस्तीला गेला होता (दोन पात्यांच्या कडा वळल्या होत्या). स्ट्रटमधलं (तळाखाली शाफ्टला धरणाऱ्या कंसातलं) कटलेस बेअरिंगही, म्हणजे शाफ्टभोवतीचं रबरी बेअरिंग, नवीन टाकलं. ते काम करणाऱ्याने बोट ट्रेलरवर असतानाच कपलिंगचं (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांचं) अलाइनमेंट, म्हणजे त्या एका रेषेत आहेत का, बघितलं आणि ठीक आहे म्हणाला.

आता आवाज असा आहे. न्यूट्रलमध्ये ६५० आरपीएमला गिअरबॉक्सच्या बाजूने डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखी खडखड येते. गिअर टाकला की बंद. थ्रॉटल थोडा वाढवला तरी बंद. दुसरं म्हणजे २४०० पासून फरशीखालून घरघर सुरू होते, २७०० ला सगळ्यात जास्त, पायाला कंप जाणवतो. ३५०० च्या पुढे कमी होते. डावीकडे जोरात वळवली की वाढते.

गिअरबॉक्सचं तेल नवीन, लाल आणि स्वच्छ आहे, जळका वास नाही. तरीही वर्कशॉपचं म्हणणं आहे की गिअरबॉक्स उतरवून उघडूया. त्याआधी स्वतः काय तपासता येईल?

शाफ्टवाला

गिअरबॉक्सला अजून हात लावू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात दोन वेगळे आवाज आहेत आणि दोघांची कारणं बहुधा वेगळी आहेत. एकत्र धरले की माणूस सगळ्यात महाग पार्टपासून सुरुवात करतो.

पहिला आवाज, न्यूट्रलची खडखड. गिअर टाकल्यावर जाते, रेव्ह वाढवल्यावर जाते. हे डॅम्पर प्लेटचं नेहमीचं लक्षण. फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या मध्ये स्प्रिंगवाली प्लेट असते. मंद फिरताना व्ही-८ चा प्रत्येक स्फोट फ्लायव्हीलला झटका देतो. स्प्रिंग थकल्या की तो झटका गिअरच्या दातांपर्यंत पोचतो, आणि न्यूट्रलमध्ये दातांवर भार नसल्यामुळे ते एकमेकांवर आपटतात. आधी इंजिनचं आयडल मात्र बघा. एखादा प्लग मिस करत असेल किंवा आयडल इंजिनच्या मॅन्युअलमधल्या आकड्याखाली गेलं असेल, तर चांगली प्लेटही खडखडते.

दुसऱ्या आवाजासाठी थोडं गणित करू. इंजिन २७०० म्हणजे सेकंदाला ४५ फेरे. १.५ ने भागलं की शाफ्ट १८००, म्हणजे ३० हर्ट्झ. चार पाती, म्हणून पात्यांची वारंवारता १२०. व्ही-८ चे स्फोट फेऱ्याला चार, म्हणजे १८०. हे चार आकडे कागदावर लिहून ठेवा: ३०, ४५, १२०, १८०. कंप कुठल्या आकड्यावर आहे हे कळलं की निम्मं निदान झालं.

फोनवर व्हायब्रेशन मोजणारं, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर वापरणारं अ‍ॅप घ्या. माइकवर चालणारं नको, कारण अनेक फोनचे माइक ३० हर्ट्झच्या आसपास कमजोर असतात. फोन फरशीला दुहेरी टेपने घट्ट चिकटवा, स्ट्रटच्या बरोबर वर. २७०० ला स्थिर चालवा आणि आलेख सेव्ह करा. मग २४०० ला तेच करा. शिखर शाफ्टचं असेल तर ते २६.७ वर सरकायला हवं. जागचं हललंच नाही, तर फरशीचा किंवा इंजिन कव्हरचा स्वतःचा थरथराट आहे, ड्राइव्हलाइनचा नाही.

डोलकाठी

वरच्याशी सहमत. भर म्हणून एक चाचणी: प्लेनिंगवर (वेगाने पाण्यावर उचलून धावत) असताना थ्रॉटल सावकाश पूर्ण खाली आणा आणि आयडलवर आल्यावरच न्यूट्रल करा. बोट घसरत असताना पाणी पंख्याला फिरवत राहतं. तेव्हाही घरघर ऐकू आली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे कपलिंग, शाफ्ट, बेअरिंग, पंखा यांत. एकदम थांबली तर अजून काहीच सिद्ध होत नाही, कारण भार गेल्यावर पुष्कळ आवाज गप्प होतात.

वळताना वाढतो म्हणता, म्हणजे स्ट्रटवर आडवा दाब आल्यावर. ट्रेलरवर स्ट्रटचे बोल्ट तपासा. स्ट्रट हाताने हलवताना त्याच्या पायाजवळ हाताचं बोट ठेवा, बारीकशी हालचालसुद्धा जाणवते. बेअरिंग नवीन असलं तरी शाफ्ट त्याच्या मधोमध बसलाय का हे बघायलाच हवं. बेअरिंगच्या पुढच्या आणि मागच्या तोंडाशी टॉर्च मारा आणि चारही बाजूंनी पातळ फिलर (फट मोजायची पत्र्याची पट्टी) सरकवा. पुढच्या तोंडाला वर फट आणि मागच्या तोंडाला खाली फट अशी तिरकी स्थिती दिसली, तर रबर एकाच कोपऱ्यावर घासतंय. जुन्या बेअरिंगच्या बाबतीत १ इंची शाफ्टला दीड मि.मी.च्या आसपास प्ले (मोकळी हालचाल) झाला की बदलायचं.

व्ही_ड्राइव्ह_वेडा

इंजिन मागे असलेल्या, वेगळा व्ही-ड्राइव्ह बॉक्स असलेल्या बोटींच्या मालकांसाठी एक ओळ, कारण हा धागा तेही वाचतील: तुमच्याकडे इंजिन आणि बॉक्समधला जॅकशाफ्ट आहे, त्यावरचे युनिव्हर्सल जॉइंट त्या शाफ्टच्या दुप्पट वारंवारतेला कंप देतात. दोन्ही टोकांचे योक (जॉइंटचे दुशिंगी काटे) एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. सरळ दातांच्या गिअरची एकसुरी शिट्टी मात्र दोष नाही. भार बदलल्यावर तिच्यात गुरगुर मिसळली तरच काळजी करा.

निळीधार, तुमचा विषय वेगळा, पण स्टफिंग बॉक्सवर (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा, आत दोरी भरलेला भाग) हात ठेवून बघा. बोट थांबवल्याबरोबर, इंजिन बंद करून. हात ठेवता येणार नाही इतका गरम असेल, तर दोरी जास्त आवळली आहे किंवा शाफ्ट एका बाजूला दाबला जातोय.

निळीधार

सगळ्यांचे आभार. निकाल असे:

आलेखात २७०० ला मोठं शिखर ३० वर, ६० वर छोटं, बाकी फारसं काही नाही. २४०० ला तेच शिखर २६–२७ च्या दरम्यान गेलं. न्यूट्रलमध्ये घसरताना घरघर हळू झाली पण राहिली. स्ट्रटचे बोल्ट घट्ट आहेत. बेअरिंगमध्ये फट चारही बाजूंना जवळपास सारखी. स्टफिंग बॉक्स कोमट.

शाफ्टवाला

शाफ्टच्या एका फेऱ्याला एक धक्का. म्हणजे काहीतरी केंद्राबाहेर फिरतंय: पंखा, वाकलेला शाफ्ट किंवा कपलिंग. गिअरबॉक्सचं नाव यादीत बरंच खाली गेलं. ६० वरचं छोटं शिखर अलाइनमेंटकडे बोट दाखवतं, तिकडे नंतर वळू.

पंखा नुकताच काढून बसवलाय, म्हणून मी तिथून सुरू करेन. पंखा उतरवा, पुलर लावूनच, मागून हातोडा मारून नाही. शाफ्टचा निमुळता भाग आणि हबची आतली बाजू पुसून कोरडी करा. आता किल्ली (पंखा शाफ्टवर घसरू न देणारी, खाचेत बसणारी धातूची पट्टी) न घालता पंखा हाताने घट्ट ढकला आणि हबच्या पुढच्या कडेशी शाफ्टवर मार्करने रेघ मारा. काढा, किल्ली घाला, परत तसाच ढकला. हब त्याच रेघेपर्यंत यायला हवा.

रेघेआधीच थांबला, तर किल्ली त्याला अडवतेय. खाचेचं पुढचं टोक बहुतेक वेळा उताराचं असतं. पंखा सरकवताना किल्ली पुढे ढकलली जाते, त्या उतारावर चढते आणि हबच्या खाचेच्या छताला टेकते. नट कितीही आवळला तरी पंखा मग निमुळत्या भागावर बसलेला नसतो, किल्लीवर लोंबकळत असतो.

रेघ जुळली तर पुढची पायरी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण). पंखा काढलेला असतानाच गेजचा पाय स्ट्रटवर बसवा, शाफ्ट हाताने फिरवा आणि निमुळत्या भागाच्या सुरुवातीला वाचन घ्या. ३ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठीक. ५ च्या वर गेलं तर शाफ्ट सरळ करायला किंवा बदलायला जाणार.

निळीधार

किल्ली घातल्यावर हब रेघेच्या २ मि.मी. मागेच थांबतो! किल्लीच्या वरच्या पुढच्या कडेला चकाकता ओरखडाही आहे. शाफ्टचं वाचन २ थाऊ.

शाफ्टवाला

सापडलं. तुमच्या शाफ्टचा टेपर (निमुळतेपणा) नेहमीचा १ : १६ असेल, तर २ मि.मी. मागे म्हणजे व्यासात ०.१२५ मि.मी. मोकळीक. एवढ्या फटीत जड पंखा थोडा तिरका आणि थोडा बाजूला बसतो, आणि १८०० फेऱ्यांना त्याचा धक्का फरशीपर्यंत येतो. तसंच चालवत राहिलात तर हब टेपरवर घासून खाचेच्या कोपऱ्यापासून तडा जाऊ शकतो.

किल्लीचं पुढचं टोक कापून ती इतकी आखूड करा की उतारापासून ३–४ मि.मी. दूर राहील. किल्ली बाजूंनी घट्ट आणि वरून किंचित मोकळी हवी. मग निळी शाई टेपरवर पातळ लावून पंखा ढकला आणि हबच्या आत निळाई किती उठते बघा. निदान सत्तर टक्के भागावर उठायला हवी, विशेषतः रुंद टोकाकडे. कमी असेल तर बारीक लॅपिंग कंपाउंडने पंखा टेपरवर अर्धा-पाव फेरा मागेपुढे घासा, आणि नंतर कंपाउंडचा कणही राहू देऊ नका. लॅपिंगनंतर हब थोडा पुढे जातो, म्हणून रेघ नव्याने मारा आणि किल्लीची चाचणी परत करा. नायलॉक नट नवीन, कॉटर पिन नवीन.

डोलकाठी

आता अलाइनमेंट. ट्रेलरवर केलेलं धरू नका. ट्रेलरचे आधार बोटीच्या तळाला दोन-चार जागी उचलतात, पाणी सगळीकडून. बोट एक दिवस पाण्यात राहू द्या, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल आणि सामान आपल्या जागी ठेवा, मग कपलिंग सोडा.

सोडण्याआधी शाफ्टवर, स्टफिंग बॉक्सच्या आतल्या बाजूला, एक होज क्लॅम्प आवळा. नाहीतर शाफ्ट मागे सरकून पंखा रडरवर आपटेल. पेट्रोल इंजिन आहे, म्हणून बिल्जचा (बोटीच्या तळातल्या पोकळीचा) वास घ्या आणि ब्लोअर चार मिनिटं चालवल्याशिवाय स्टार्टरला हात नको. बॅटरीचा मेन स्विच काम चालू असताना बंद.

सुटलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि मोजमाप बिघडवतो. १ इंची स्टेनलेस मीटरला साधारण ४ किलो भरतं. स्ट्रटपासून कपलिंगपर्यंतच्या वजनाचं निम्मं अधिक कपलिंगचं पूर्ण वजन, एवढा भार स्प्रिंग काट्याने वर उचलून धरा. त्या स्थितीत कपलिंगचा मधला उंचवटा समोरच्या खोबणीत हाताने, न अडकता शिरायला हवा. अडकत असेल तर आधी इंजिन वर-खाली किंवा डावी-उजवीकडे, फट मोजणं नंतर.

फट घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी मोजा. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात छोटी यांतला फरक ४ इंची कपलिंगला ३ थाऊपेक्षा जास्त नको. मग गिअरबॉक्सचा अर्धा तसाच ठेवून शाफ्टचा अर्धा पाव फेरा फिरवा आणि परत मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली, तर कपलिंगचा चेहरा किंवा शाफ्ट वाकडा आहे, आणि माउंट (इंजिनचे रबरी पाय) कितीही फिरवले तरी उपयोग नाही. जागेवरच राहिली, तर इंजिन हलवायचं.

निळीधार

पंखा बसवला, शाई छान उठली. कपलिंग सोडून मोजलं: वर टेकतंय, ६ ला १० थाऊ. शाफ्ट फिरवला तरी मोठी फट खालीच. बाजूंना २ थाऊचा फरक. उंचवटा शिरतो, पण शाफ्ट किंचित वर आहे असं वाटतं. मागच्या दोन्ही माउंटचं रबर पुढच्यांपेक्षा चेपलेलं दिसतंय.

डोलकाठी

सगळं एकमेकांशी जुळतंय. मागचे माउंट बसले की गिअरबॉक्स खाली जातो आणि त्याचा चेहरा खालच्या दिशेला झुकतो. म्हणून वर टेकतं आणि खाली उघडतं. ४ इंचाला १० थाऊ, म्हणजे पुढच्या-मागच्या माउंटमध्ये २४ इंच अंतर असेल तर ६० थाऊ, साधारण दीड मि.मी. तुमच्या केसमध्ये पुढचे खाली आणण्यापेक्षा मागचे वर घ्या, कारण शाफ्टही वर जाणवतोय. माउंटच्या आट्यांची पिच दीड मि.मी. असेल तर एक पूर्ण फेरा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा, पाव-पाव फेऱ्याने, आणि प्रत्येक वेळी मोजा. लॉकनट आवळल्यावर शेवटचं मोजमाप घ्या, आवळताना इंजिन हलतंच. रबर फुटलं किंवा तेलाने फुगलं असेल तर माउंट बदलूनच हे करा.

निळीधार

आता ६ ला २ थाऊ, बाजूंना १. २७०० ची घरघर गेली, ३० वरचं शिखर जेमतेम दिसतं, डाव्या वळणालाही शांत. प्लग आणि आयडल तपासून ६५० चं ७०० केलं (मॅन्युअलच्या मर्यादेत), तरी न्यूट्रलची खडखड थोडी आहे. म्हणजे डॅम्पर प्लेट. हंगाम संपेपर्यंत चालवता येईल का?

शाफ्टवाला

खडखड फक्त न्यूट्रलला आहे आणि वाढत नाही तोवर सावकाश चालवा, पण किनाऱ्यापासून लांब जाऊ नका. गिअर टाकताना ठक्क आवाज किंवा चालताना खडखड आली की लगेच थांबा. तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा बेलहाउसिंगमध्ये (फ्लायव्हीलभोवतीच्या कवचात) फिरला तर प्लेटपुरतं भागणार नाही.

बदलताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, त्याने नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते. वरच्या दोन बोल्टच्या जागी लांब स्टड लावून त्यांवरून सरळ मागे ओढा. जुन्या प्लेटच्या हबमध्ये लालसर पूड दिसली तर इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (उभे दाते) बोटाने तपासा. पायरी लागत असेल तर नवी प्लेट फार टिकणार नाही, तो शाफ्टही बदलावा लागेल. नवीन प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे जुनी काढण्याआधी फोटोत घ्या, स्प्लाइनला ग्रीसचा पातळ हात फिरवा, बोल्टना थ्रेडलॉक लावा. गिअरबॉक्स परत बसला की माउंटची जागा किंचित बदललेली असते, तेव्हा कपलिंगची फट पाण्यात पुन्हा मोजा.