वर्गात नेव्हीवाल्यांची मुलं आहेत, त्यांना आधार कसा द्यायचा?

वास्कोची_टीचर
नमस्कार, वास्कोजवळच्या एका अनुदानित शाळेत मी सहावीची क्लास टीचर आहे. दाबोळीला आयएनएस हंसा असल्यामुळे इथे नेव्हीची कुटुंबं खूप, बहुतेकांची मुलं केंद्रीय विद्यालयात नाहीतर नेव्ही चिल्ड्रन स्कूलला जातात पण क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याने राहणारी काही आमच्याकडेही येतात. यंदा मध्येच विशाखापट्टणमहून एक मुलगा आलाय, मूळ गाव साताऱ्याकडचं, बाबा जहाजावर. हुशार आहे पण कुणाशी बोलत नाही, डबासुद्धा एकटाच खातो आणि गणितात मार्क फारच कमी पडले. बाबा कुठे असतात, कधी येणार असं विचारलं की मान खाली घालतो. काय करू?

दर्यावर्दीची_बायको
बाई, तेवढा प्रश्न सोडून त्याला बाकी काहीही विचारा. जहाज कुठे गेलंय, कधी परत येणार हे बाहेर बोलायचं नाही असं आमच्या मुलांना अगदी लहानपणापासून बजावलेलं असतं. मग टीचरनीच विचारलं की पोराची पंचाईत होते, खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही. आणि खूपदा त्याला खरंच माहीत नसतं हो, आम्हालाच नसतं, सेलिंगवर गेले की रेंज नाही, फोन आला तर आला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तर मी घरातला टीव्हीच बंद ठेवला होता. वर्गात तसल्या बातम्या निघाल्या तर 'ह्याचे बाबा तिथे असतील' असं कुणी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणणार नाही एवढं सांभाळा. त्यापेक्षा त्याला विझागबद्दल विचारा, क्रिकेटबद्दल विचारा. आणि जहाज आल्यावर मधल्या वारी सुट्टी मागितली तर प्लीज द्या, मुलांना ते दिवस फार मोलाचे असतात.

फौजीची_लेक
माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आता मी म्हापशाला असते. गणिताचं सांगते, मार्क कमी म्हणजे मुलगा कच्चा असं धरू नका. केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात गेलं तर पुस्तकं तीच राहतात पण बोर्ड बदललं की धड्यांचा क्रमच बदलतो, मला अपूर्णांक दोन शाळांत शिकवले आणि भूमितीचा एक अख्खा भाग कुठेच शिकवला नाही, मी पुढे गेले तेव्हा तिथे तो आधीच झालेला!! त्याच्या जुन्या वह्या मागवून घ्या, कुठे खड्डा पडलाय ते लगेच दिसेल. शिवाय दर २६ जानेवारीला फौजीचा मुलगा म्हणून त्यालाच भाषणाला उभं करू नका, त्याला इतरांसारखं व्हायचं असतं. त्याच्या बसमधल्या एखाद्या मुलाशेजारी बसवा, येता-जाता सोबत झाली की बाकीचं होतं आपोआप.

समुपदेशक_फोंडा
वरचं दोन्ही पटलं. आईशी बोलायला थांबू नका, मात्र शाळेत बोलावणं पाठवलं की त्या घाबरतील, घरी एकट्याच सगळं बघत असणार, त्यामुळे आधी साधा फोन करा. झोप, जेवण, सकाळी पोट दुखणं याबद्दल विचारा. हे बरेच दिवस चाललं असेल तर तुमच्या शाळेत गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या समुपदेशक येत असतील त्यांना सांगा. घरच्यांसाठी टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, आणि सैन्यदलातल्या लोकांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, डिसेंबर २०२३ पासून त्याचा वेगळा कक्षही आहे. अजून एक ऑफिसचं काम, मुलांच्या शिक्षण भत्त्यासाठी ह्या पालकांना मुख्याध्यापकांचं सर्टिफिकेट लागतं, ते अडकवून ठेवू नका म्हणावं क्लार्कना. बाबा समुद्रात असताना त्या आईने किती हेलपाटे घालायचे?

वास्कोची_टीचर
खूप खूप आभार. बाबांचा विषय आता मी काढणार नाही आणि बाकीच्या टीचरनाही सांगते. आईंना उद्याच फोन करून वह्या मागवते. तो सध्या कोकणीच्या तासाला बसतो, घरी मराठी बोलतात तर मराठी घेऊ देता येईल का तेही हेडमास्तरांना विचारते. @दर्यावर्दीची_बायको, त्या इथे नवीन आहेत, त्यांना चाललं तर तुमच्याशी ओळख करून देऊ का?

दर्यावर्दीची_बायको
अहो विचारताय काय, द्या की. मेसेजमध्ये नंबर पाठवते. शनिवारी संध्याकाळी आमच्या इथे मुलं खाली खेळतात, त्यालाही घेऊन या म्हणावं.