मदत हवी आहे: शोकसभा, निरोप, क्रांतिदिन… माझं सगळं एकाच सुरात निघतं

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. गावच्या वाचनालयाची सचिव असल्यामुळे बोलायची पाळी सारखी येते. माईकची भीती नाही, अडचण वेगळीच आहे.

शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धांना जायचे. बाईंनी लिहून दिलेलं पाठ करायचं, ठरलेल्या ओळीला हात वर, शेवटी आवाज चढवायचा. बक्षिसंही मिळाली. पण ती चाल अंगात इतकी मुरलीय की आता काहीही बोलले तरी तीच येते.

मे महिन्यात गावातले एक वयोवृद्ध भजनी बुवा वारले. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी टाळ धरायला शिकले. शोकसभेत चार मिनिटं बोलले, अगदी मनापासून. पण शेवटच्या वाक्याला सवयीने आवाज चढला आणि मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. दोघातिघांच्याच, लगेच थांबल्यासुद्धा. समोर त्यांची मुलगी बसली होती. तिने मान खाली घातली. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

आता जूनमध्ये तीन कार्यक्रम आहेत. १८ तारखेला हायस्कूलमध्ये गोवा क्रांतिदिनाचं दहा मिनिटांचं भाषण, मुलं पाचवी ते दहावीची. नंतर वाचनालयात पाहुण्यांची ओळख. महिनाअखेर एका शिक्षिकेचा निरोप समारंभ. सूर बदलायचा कसा? कागद हातात ठेवावा का? आणि घरी आम्ही सगळे कोकणी बोलतो, व्यासपीठावर मात्र मराठी. मध्ये कोकणी आली तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, टाळ्या आवाजामुळे पडल्या तशा वाक्याच्या घडणीमुळेही पडल्या असतील. 'त्यांनी गावाला सूर दिला, ताल दिला, देव दिला' असे तीन सारखे तुकडे चढत गेले की लोकांचे हात आपसूक वर येतात. शोकसभेत अशी वाक्यंच नकोत. टाळ धरायला शिकवल्याचा प्रसंग सांगायचा. बोटं कशी धरायला लावली, चुकल्यावर बुवा काय म्हणाले. शेवटचं वाक्य साधं, आवाज खाली, आणि जाऊन बसायचं.

क्रांतिदिनाला 'आदरणीय व्यासपीठ' वगैरे एका दमात उरका आणि थेट पावसावर या. बाहेर बहुधा पडतच असेल. १८ जून १९४६ ला मडगावातही कोसळत होता. डॉ. राममनोहर लोहिया गोव्यात आले होते ते विश्रांतीसाठी, असोळण्याला मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी. पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी होती, तरी त्यांनी मडगावात सभा घेतली. पोलिसांनी दोघांनाही अटक केली. गोव्याला मुक्ती मिळाली १९ डिसेंबर १९६१ ला. आता पाचवीच्या वर्गाकडे बघून सांगा, त्या दिवशी तुमच्याएवढं असलेलं मूल मुक्तीच्या दिवशी पंचविशीत होतं. मी शाळेत हे सांगायचो तेव्हा मुलं बोटांवर मोजायला लागायची. त्यांचं मोजून होईपर्यंत गप्प राहायचं. एवढा धीर मात्र हवा.

प्रतिसाद

मी जत्रेतल्या नाटकांत काम करतो, म्हणून आवाजापुरतं सांगतो. हायस्कूलच्या सभागृहाला पत्रे असतील तर जूनमध्ये ओरडून उपयोग नाही, माईकवर शब्द फुटतात. माईक ओठांपासून चार बोटांवर ठेवा आणि सावकाश बोला. सर जोरात आली तर थांबा, ओसरली की पुढे.

अख्खं भाषण लिहून नेऊ नका, पाठही करू नका. पाठांतराबरोबरच ती जुनी चाल येते, असं मला वाटतं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा-सात शब्द पुरे. पाहुण्यांची ओळख दोन मिनिटांत संपवा. नावाचा उच्चार आधी त्यांनाच विचारा आणि नाव सगळ्यात शेवटी घ्या.

कोकणीबद्दल: जो जसा बोलला तसाच ठेवा. बुवा कोकणीत रागावले असतील तर मराठी करून सांगू नका. आपल्या गावात कोणाला कळायचं राहणार आहे?

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल रात्री स्वयंपाकघरात सासूबाईंपुढे लोहियांचं बोलून बघितलं, कागदावर फक्त 'पाऊस, असोळणा, अटक, पंचवीस'. दोनदा आवाज चढला, दोन्ही वेळा थांबून ते वाक्य पुन्हा म्हटलं. त्या नारळ खवत होत्या. 'पंचवीस'ला हात थांबला, म्हणाल्या, "म्हज्या भावाएदोच जालो मगो तो." (माझ्या भावाएवढाच झाला ना गं तो.)

त्यांना विचारून हे भाषणात घेणार आहे, कोकणीतच. आता निरोपाचं सांगा. त्या बाईंशी माझा फारसा परिचय नाही, प्रसंग कुठून आणू? त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं तर चालेल ना?