मदत हवी आहे: सिराक्यूजचे दशद्राख्मा खरे की इलेक्ट्रोटाइप?

लंडनमधल्या एका जुन्या संग्रहातून सिराक्यूज या सिसिलीतल्या प्राचीन ग्रीक शहराचे हे दहा द्राख्मांचे चांदीचे नाणे विकत घ्यायचा विचार आहे. भीती एवढीच, की ते इलेक्ट्रोटाइप असेल: म्हणजे खऱ्या नाण्याच्या साच्यात विजेने धातूचे पातळ कवच जमवून, दोन बाजू कडेला जोडून केलेली प्रत. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसरीकडे जलदेवता अरेथुसा आणि डॉल्फिन, शैली नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या प्राचीन कारागीर युऐनेटोसची. केसांत खोवलेली पाने त्याने इतकी जिवंत कोरली आहेत की नजर हटत नाही!

वजन ४१ ग्रॅम (खरे साधारण ४३ भरते). पाण्यात तोलून घनता १०.३ आली, म्हणजे चांदीच्या जवळची, पण तांब्याच्या कवचात शिसे असले तरी तेवढी येऊ शकते. कडेवर बारीक रेघ दिसते. ब्रिटिश म्युझियमसाठी प्रती बनवणाऱ्या रॉबर्ट रेडीची 'आरआर' खूण मात्र नाही. ओरखडा काढायला किंवा घासायला मालकाची परवानगी नाही.

रेडीच्या प्रती खुणेविना मिळतात का? आणि ती रेघ सांध्याचीच आहे, हे भिंगाखाली कशावरून ओळखायचे?