जीएसटी उतरला, पण बेळगावच्या घरात किती पोचला?

पाटी-पेन्सिल:
२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. ५ आणि १८ राहिले, चैनीच्या मालाला ४०. ‘बचत उत्सव’ म्हणून फलकही लागले. माझं म्हणणं एवढंच, की बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मध्यम घरात ही बचत महिन्याला दोन-सव्वादोनशेच्या वर जात नाही. ती पण दुसऱ्या दाराने परत जाते.

हिशेब मांडतो. समजा महिन्याचा किराणा १०,००० चा. त्यातले तांदूळ, जोंधळे, डाळ सुटी घेतली तर कर आधीही शून्य, आताही शून्य. तेल, साखर, चहा, मसाले आधीही ५, आताही ५. सिलिंडर ५ चाच. उतरलं काय? अंगाचा साबण, पेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५. तूप, लोणी, पाकीटबंद फरसाण १२ वरून ५. पहिल्या गटावर १,५०० आणि दुसऱ्यावर १,००० खर्च धरा. पहिल्यात १६५ वाचतात, दुसऱ्यात ६२. झाले २२७.

आता कर्नाटक दूध महामंडळाचं नंदिनी दूध १ एप्रिल २०२५ ला लिटरमागे ४ रुपयांनी चढलं. रोज दोन लिटरच्या घरात महिन्याला २४०. संपला उत्सव.

आकडेमोड:
आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. दूध दरवाढ हा कर नव्हे ओ. सुट्ट्या ताज्या दुधावर आणि साध्या पिशवीवर जीएसटी नव्हताच. तो दर दूध महामंडळाचा, आणि वाढीव ४ रुपये उत्पादकाला देणार असं सांगूनच केला. चिक्कोडी, अथणीकडे घरटी दोन म्हशी आहेत. तिथल्या घराला ती वाढ जमेच्या बाजूला जाते. करबदलाच्या वहीत दुधाचा खर्च चढवून वजाबाकी करायची असेल तर मग पावसाने महागलेला टोमॅटोपण धरा की.

एक मात्र तुम्ही बरोबर केलंय, आणि बरेच जण तिथेच फसतात. १८ चे ५ झाले म्हणजे किंमत १३ टक्क्यांनी उतरत नाही. छापील किमतीत कर धरलेला असतो. ११८ ची वस्तू १०५ ला यायची, म्हणजे ११ टक्के. १२ चे ५ झाले तर सव्वासहा. २८ चे १८ झाले तर आठाला थोडं कमी. दुकानदाराने ११ टक्के सोडले आणि गिऱ्हाईक १३ मागत भांडतंय, असं चाललंय.

रविवारपेठ:
पेठेच्या बाजूने दोन शब्द. पहिल्या पंधरवड्यात भाव का उतरले नाहीत ते कुणी विचारत नाही. दुकानात पडलेला माल १२ आणि १८ भरून आणलेला. २२ तारखेपासून तो ५ ने विकायचा. आधी भरलेल्या कराचं क्रेडिट (पुढच्या करातून वजा करायची रक्कम) खात्यात दिसतं, पण त्याच मालाचा दर उतरला म्हणून त्याचा रोख परतावा मिळत नाही. पुढच्या विक्रीवर हळूहळू जिरवायचं. ज्याची विक्री साबण, बिस्किटांचीच आहे, त्याचं क्रेडिट महिनोन्‌महिने तसंच बसतं.

वह्या-पेन्सिलीचं तर आणखी वेगळं. १२ वरून थेट शून्य. माल करमुक्त झाला की शिल्लक साठ्यावरचं क्रेडिट उलटवावं, म्हणजे सरकारला परत भरावं लागतं. ते पैसे शेवटी किमतीतच शिरतात.

आणि ५, १० रुपयांचे पुडे. सुट्टे पैसे कोण देणार? कंपन्यांनी बऱ्याच ठिकाणी किंमत तीच ठेवून वजन वाढवलं. गिऱ्हाईक पुड्यावरचे ग्रॅम वाचत नाही, म्हणून त्याला वाटतं काहीच झालं नाही. जुन्या मालावर नव्या किमतीचा स्टिकर लावायची सक्ती नव्हती, त्यामुळे छापील किंमत जुनी आणि बिल नव्या दराचं असा घोळ झाला. बिलातला कराचा रकाना बघावा, पुडा नको.

घरखर्च:
रविवारपेठ दादा, साठ्याचं पटलं. पण तुपाचं काय? नंदिनी तूप २२ सप्टेंबरला ६५० वरून ६१० झालं, आणि नोव्हेंबरात ७०० वर गेलं. दीड महिन्यात उतरलेल्या ४० च्या जागी ९० चढले. ह्याला साठा कारण नाही.

कपड्याच्या साबणाची वडी, पावडर, भांड्याचं लिक्विड ह्यांची पण गंमत बघा. अंगाच्या साबणाची वडी ५ वर आली, हात धुवायचं लिक्विड १८ वरच. कपडे धुवायची पावडर १८. घरात आंघोळीपेक्षा कपड्यांवर जास्त जातं, हे दिल्लीत कुणाला माहीत नसावं.

आकडेमोड:
तुपाबद्दल बोलती बंद केलीत ताई. तो दर कराने चढला नाही हे खरं असलं तरी कर उतरल्याचा फायदा गिऱ्हाइकाकडे राहिला नाही हेही खरं. पण मोठ्या खर्चाकडे कुणी बघेना. सिमेंट २८ वरून १८. ३६० ची गोणी ३३२ ला यायला हवी. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळ मानाने ४०० गोण्या, म्हणजे ११,००० च्या वर. सळईचा दर १८ तोच राहिला, मजुरी आणि खडी-वाळूची वाहतूक वेगळी, म्हणून अख्ख्या घराच्या खर्चात तो आकडा हरवतो.

विमा बघा. स्वतःच्या नावाच्या आयुर्विमा आणि आरोग्य पॉलिसीवर १८ चे शून्य. आरोग्य किंवा टर्म (नुसत्या जोखमीच्या) विम्याच्या २०,००० च्या मूळ हप्त्यावर ३,६०० एका फटक्यात. पण कारखान्याने किंवा सोसायटीने काढलेल्या गट विम्याला ही माफी नाही, त्यावर १८ चालूच. हप्त्याच्या पावतीवर ‘वैयक्तिक’ की ‘गट’ एवढं बघितलं तरी पुरतं.

वडगाव माग:
सगळी चर्चा गिऱ्हाइकाची. वडगाव, खासबागला साडी विणणाऱ्यांचं कुणी बोलेना. कृत्रिम धाग्यावर १२, तयार कापडावर ५, अशी उलटी उतरंड होती. सूत घेताना जास्त कर भरायचा, साडी विकताना कमी घ्यायचा, मधला फरक खात्यात अडकून, परताव्याला अर्ज. आता धागा ५, कापड ५. भांडवल अडकायचं थांबलं. साडी स्वस्त झाली असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. आणि हा फायदा सूत विकत घेणाऱ्या मालकाचा. मजुरीवर माग चालवणाऱ्याच्या घरात ह्यातलं काही येत नाही.

खानापूर रोड:
पाटी-पेन्सिल, तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारताय. जीएसटी महाराष्ट्रातल्या शिनोळीत आणि बेळगावात एकच. सीमेवर फरक पडतो तो राज्याच्या करांनी.

पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर. कर्नाटकाने १५ जून २०२४ ला पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ केला, डिझेलवरचा १४.३४ वरून १८.४४. मग १ एप्रिल २०२५ ला डिझेल २१.१७. हद्दीवरच्या कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर महाराष्ट्रातल्या ट्रकांची जी रांग असायची ती ह्याच फरकावर. डिझेल चढलं की बाजार समितीत येणाऱ्या प्रत्येक पोत्याच्या भाड्यात ते येतं, आणि त्याला क्रेडिट नाही.

घर घेताना नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ चे २ टक्के झालं. ३० लाखांच्या खरेदीवर ३०,००० जादा. तीन आठवड्यांनी सिमेंटचे ११,००० वाचले म्हणून टाळ्या वाजवायच्या काय?

गाडीचं घ्या. ७ लाखांची छोटी पेट्रोल गाडी. आधी २८ आणि १ उपकर मिळून २९, आता १८. शोरूमची किंमत सुमारे ६ लाख ४० हजार. त्यावर कर्नाटकात आजीवन कर १४ टक्के म्हणजे ८९,६००, वर सेस. महाराष्ट्रात ११ टक्के म्हणजे ७०,४००. म्हणून तर बेळगावात इथल्या केए २२ च्या जोडीला कोल्हापूरच्या एमएच ०९ ची एवढी गर्दी.

आकडेमोड:
त्या एमएच ०९ ची दुसरी बाजूपण सांगा. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला क्रमांक घ्यावा लागतो. कोल्हापूरचं ना-हरकत, इथला कर, मग राहिलेल्या वर्षांच्या परताव्यासाठी कोल्हापुरात अर्ज. नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी काढून वाचलेले १९,००० ह्या चकरांत जातात. तपासणी झाली तर दंड वेगळा.

आणि राज्याने नुसतं घेतलं असं कसं? घरच्या बाईला गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,०००, २०० युनिटपर्यंत वीज, बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट. दोन लिटर दुधाचे २४० आणि गाडीच्या पेट्रोलचे शंभर धरले तरी गृहलक्ष्मी येणारं घर फायद्यातच आहे.

घरखर्च:
येणारं घर. ती बाई किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत असला की गृहलक्ष्मी बंद. कर भरणाऱ्या घराला डिझेलपण महाग आणि योजनापण नाही. विजेचं पण सरसकट २०० नव्हे. २०२२-२३ ची सरासरी आणि वर बहुतेकांना १० टक्के, तेवढंच फुकट. आणि २०० ओलांडले की सगळंच बिल भरा. फुकट प्रवास राज्याच्या आत. बेळगाव-कोल्हापूर गाडीला तिकीट काढावंच लागतं, आणि ५ जानेवारी २०२५ पासून भाडं १५ टक्क्यांनी वाढलेलं. सीमाभागातल्या बायकांचं माहेर निम्म्याने पलीकडे आहे हो.

निपाणी नाका:
एका गोष्टीला कुणीच हात लावला नाही. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. वर्षाला मालाची उलाढाल ४० लाखांवर गेली तर नोंदणी हवी, सेवेला २०. दुकानांतून क्यूआर कोड निघाले, ‘फक्त रोख’ लागलं. पुढे जुनी वसुली करणार नाही, नोंदणी करा, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. नुसतं दूध, भाजी विकणाऱ्याला नोंदणी नाही. पण दुधासोबत बिस्किटं ठेवली की दुधाची विक्रीही ४० लाखांत मोजतात. बेकरीवाले इथेच अडकले.

सीमेवर ह्याला आणखी एक काटा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर जो पत्ता लिहिला, ते राज्य पुरवठ्याचं ठिकाण धरतात. पत्ता नसला तर दुकानाचं ठिकाण. म्हणजे कागलचं गिऱ्हाईक निपाणीत येऊन मिक्सर घेऊन गेलं आणि बिलावर ‘कागल, महाराष्ट्र’ लिहिलं, तर ती विक्री राज्याबाहेरची झाली. नेहमीच्या नोंदणीवाल्याला फार फरक नाही, केंद्र आणि राज्याच्या दोन करांऐवजी आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा एकच कर) लावायचा, रक्कम तीच. पण १ टक्का भरून कंपोझिशनमध्ये (दीड कोटीपर्यंतच्या छोट्या दुकानांच्या सोप्या योजनेत) असलेल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही, तो योजनेतून बाहेर पडतो. आणि नोंदणी नसलेल्याने राज्याबाहेर माल विकला तर ४० लाखांची सवलतच उडते, पहिल्या रुपयापासून नोंदणी. दीड कोटीच्या आत आहे म्हणून निर्धास्त बसलेला दुकानदार एका पत्त्याने गोत्यात येतो.

पाटी-पेन्सिल:
हे माझ्याच बाजूचं झालं की. कर उतरला म्हणायचा आणि छोटं दुकान बिल द्यायला घाबरायचं. बिल नाही तर गिऱ्हाइकाला ५ लावला की १८ हे कळणार कसं? दूध मी मागे घेतो, आकडेमोड म्हणतात ते ठीक. पण २२७ चा आकडा कुणी खोडलेला नाही.

आकडेमोड:
तो महिन्याच्या किराण्याचा आकडा आहे. विमा, औषधं, चपला, १,००० ते २,५०० मधले कपडे त्यात नाहीत. औषधं १२ वरून ५, रक्तदाब-साखरेच्या घरात ते दर महिन्याला दिसतं.

घरखर्च:
दिसतं, पण दुकानदार आधीच छापील किमतीवर १० टक्के सूट द्यायचा. काही ठिकाणी ती सूट ५ वर आणली. सूट आणि कर दोन्ही वेगळे लिहून घ्या म्हणावं.

खानापूर रोड:
निपाणी नाका, एक शंका. दिवाळीपासून लोक फ्रिजला सूट मागत फिरताहेत, त्याचा दर उतरलाय का? आणि कागलच्या माणसाने निपाणीत कर सोडून ५२,००० चा घेतला तर पत्ता टाळता येतो का?

निपाणी नाका:
फ्रिज, वॉशिंग मशीन आधीपासून १८ वरच आहेत, बदल नाही. उतरला तो एसी आणि ३२ इंचांवरचा टीव्ही. कर सोडून ५०,००० किंवा वरच्या करपावतीवर नाव, पत्ता, राज्य लिहावंच लागतं, टाळता येत नाही. आयजीएसटी १८ लागेल, गिऱ्हाइकाला एक रुपया जास्त पडणार नाही. ५०,००० च्या वरचा माल टेम्पोत घालून कोगनोळी ओलांडायचा असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) दुकानदाराकडूनच करून घ्या, आणि निघायच्या आधी त्यावरचा गाडीचा नंबर टेम्पोच्या पाटीशी जुळवून बघा.