ग्वाल्हेरला ‘महालाची सीट’ म्हणणं आता तरी सोडा

लष्करच्या_भाकऱ्या

परवा पुण्याहून आलेल्या मावसभावाला बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या मुख्य चौकात, चहा पाजत होतो. त्याने तोच प्रश्न विचारला जो बाहेरचा प्रत्येक माणूस विचारतो: “तुमच्याकडे काय, महाराज सांगतील तिकडे मत, ना?” मी म्हटलं, घरी चल, यादीच दाखवतो. ती यादी इथेही टाकतो, कारण आपली मराठी मंडळीसुद्धा हेच वाक्य मोठ्या अभिमानाने बोलतात.

१९५२ ते २०२४ लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांत ग्वाल्हेरहून महालातलं, म्हणजे शिंदे घराण्यातलं माणूस निवडून आलं सात वेळा: १९६२ ला विजयाराजे, १९८४ ते १९९८ माधवराव पाच वेळा, २००९ ला यशोधराराजे. वर २००७ ची पोटनिवडणूक. बाकीच्या अकरा कुणाच्या? पहिल्याच निवडणुकीत, देशभर काँग्रेसचं वारं असताना, इथून हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे आले. ते गुणा मतदारसंघातूनही जिंकले होते, म्हणून ही जागा सोडली, तर पोटनिवडणुकीत पुन्हा महासभेचेच ना. भा. खरे. १९६७ ला जनसंघ. १९७१ ला इंदिराबाईंची लाट, तरी इथून वाजपेयी. १९८० ला पुन्हा इंदिराबाई, तरी इथून नारायणराव शेजवलकर. दोन लाटा अंगावरून गेल्या आणि हे शहर हललं नाही. याला महालाची सीट म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच की ही सीट आधी संघटनेची होती, मग एका माणसाची झाली, आणि आता जातीच्या बेरजेची आहे. महाल तिच्यात अधूनमधून राहायला आला.

गोठकर

भाकऱ्या, यादी बरोबर आहे, अर्थ चुकला. सातच वेळा निवडून आले म्हणता. मग हेही सांगा की किती वेळा पडले. ग्वाल्हेरहून लोकसभेला महालातलं कुणीही उभं राहून हरलेलं नाही. वसुंधराराजे १९८४ ला भिंडमध्ये हरल्या, ज्योतिरादित्य २०१९ ला गुण्यात सव्वा लाखाने हरले. इथे नाही. जो फलंदाज कमी वेळा खेळायला उतरतो पण कधीच बाद होत नाही, त्याला तुम्ही मैदानाचा मालक म्हणणार नाही का?

आणि ज्या अकरांना तुम्ही ‘बिनमहालाच्या’ म्हणता, त्यांतल्या कितींमागे महाल होता हे मोजलंत का? १९६७ ला राजमाता (विजयाराजे, माधवरावांच्या आई) मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्रांशी बिनसून काँग्रेसमधून बाहेर पडल्या, त्याच वर्षी इथे जनसंघ आला. १९७१ ला वाजपेयी आले ते राजमातांच्या पक्षातूनच. उमेदवार वेगळा, हात तोच.

मी १९७७ ला पहिलं मत दिलं. आमच्या आजी नऊवारी नेसून, नथ घालून मतदानाला गेल्या, जणू हळदीकुंकवाला निघाल्यात. केंद्रावरच्या पोराने विचारलं, “आजी, कुणाला?” त्या म्हणाल्या, “श्रीमंतांकडचा कोण आहे तो.” तो जनता पक्षाच्या शेजवलकरांचा टेबलवाला होता, हसला आणि चिठ्ठी दिली. आजींच्या लेखी प्रश्न मिटला.

लष्करच्या_भाकऱ्या

काका, आजींचा किस्सा मस्त, पण पुरावा माझ्या बाजूचा आहे. त्याच १९७७ ला माधवराव गुण्यातून अपक्ष लढले आणि राजमाता जनता पक्षाच्या बाजूला होत्या. महालातच दोन चुली पेटल्या होत्या. “श्रीमंतांकडचा” म्हणजे नक्की कुठल्या श्रीमंतांकडचा? आजींना ज्याने चिठ्ठी दिली त्याच्याकडचा. यालाच मी संघटना म्हणतो. वाड्यावाड्यात कोण कुणाची सून, कोण बाहेरगावी, कोणाला रिक्षा पाठवायची हे ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांनी १९६७ ते १९८४ ही सीट राखली.

हजिरा_नाका

दोघेही लष्करातून बाहेर या जरा. चर्चा नेहमी जनकगंज ते बाडा एवढ्यातच फिरते. ग्वाल्हेर म्हणजे तीन गावं आहेत: किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, मुरार, आणि तुमचं लष्कर, जे दौलतरावांच्या छावणीतून उठलं. आणि आमचं बिर्लानगर-हजिरा चौथं.

माझे आजोबा रत्नागिरीकडून जे. सी. मिलमध्ये आले. आमच्या चाळीत मराठी होते, पण शेजारी पूर्वांचलचे, समोर भिंडचे. मत ठरायचं ते भोंगा झाल्यावर गेटावरच्या सभेत. तिथे कुणी मुजऱ्याची गोष्ट काढत नव्हतं, बोनसची काढायचे. १९९२ ला मिल बंद झाली. गेट गेलं तशी युनियन गेली, आणि युनियन गेल्यावर माणूस घरी येऊन पुन्हा तोमर, कुशवाह, जाटव, ब्राह्मण झाला. भाकऱ्या ज्याला ‘जातीची बेरीज’ म्हणतात ती आकाशातून पडली नाही. ती त्या बंद गेटातून आली. लष्करवाल्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्याकडे भोंगा कधी वाजलाच नाही. त्यांच्याकडे सरकारी नोकऱ्या होत्या.

गोठकर

सरकारी नोकऱ्यांवर टोमणा नको. मध्यभारत राज्य होतं त्या वेळी ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी होती. १९५६ ला भोपाळ झालं, तेव्हा इथे महालेखापाल, राजस्व मंडळ, परिवहन आयुक्त एवढी कार्यालयं उरली. त्यांत आमची अर्धी पिढी कारकुनी करून निवृत्त झाली. त्या वर्गाच्या मनात भोपाळच्या काँग्रेसवर राग होता, तो मतपेटीत उतरला. हा मुद्दा भाकऱ्यांच्या संघटनेइतकाच मोठा आहे.

मुरारची_सून

मी लग्न होऊन आले १९८३ मध्ये, नागपूरहून. पुढच्याच वर्षी डिसेंबरात निवडणूक. सासरे जन्माचे जनसंघी. वाजपेयी ग्वाल्हेरचेच, शिंदे की छावणीत वाढलेले, व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेले, म्हणजे घरचं कार्य. आणि अर्ज भरायच्या शेवटच्या घटकेला माधवराव गुणा सोडून इथे आले. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. सासूबाई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, “अटलजी आपले आहेत गं, पण महाराजांना नाही म्हणायचं कसं?” सासरे बाहेर बसून ऐकत होते. वाजपेयी पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी पडले. सासऱ्यांनी सासूबाईंना कधी विचारलं नाही.

तेव्हा भाकऱ्या, महाल नव्हताच असं म्हणू नका. मी ते स्वयंपाकघरात पाहिलंय. इंदिराबाई गेल्याची सहानुभूती होती, मान्य, पण १९७१ आणि १९८० ची लाट ज्यांनी थोपवली तेच घर १९८४ ला का वाहून गेलं, हे फक्त लाटेने सांगता येत नाही.

लष्करच्या_भाकऱ्या

ताई, १९८४ वर मी तुमच्यापुढे हात टेकतो. पण त्यानंतरचं बघा. माधवराव रेल्वे राज्यमंत्री झाले, १९८८ ला पहिली शताब्दी दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीपर्यंत धावली. लोक कामाला मत देत होते. १९९६ ला काँग्रेस सोडून स्वतःच्या मध्य प्रदेश विकास काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा ती खरोखर एका माणसाची सीट होती. आणि १९९८? भाजपच्या जयभानसिंह पवैयांविरुद्ध फरक जेमतेम सव्वीस हजारांवर आला, आणि १९९९ ला ते गुण्याला परत गेले. मालक घर सोडून का जातो?

गोठकर

घर सोडलं नाही, दुसऱ्या घरी गेले. दोन्ही घरं त्यांचीच.

हजिरा_नाका

😂 काका, हे भारी होतं. पण २०२० नंतरचं उत्तर द्या. ज्योतिरादित्य भाजपमध्ये गेले. त्याच वर्षाच्या पोटनिवडणुकीत ग्वाल्हेर जिल्ह्यात तीन जागा होत्या, तिन्हींवर त्यांच्यासोबत आलेले उमेदवार. आमच्या इकडे प्रद्युम्नसिंह जिंकले. ग्वाल्हेर पूर्व गेली, डबरा गेली. मग २०२२ ला महापौर. भाजप आणि महाल एकाच बाजूला, आणि ५७ वर्षांनी इथे काँग्रेसचा महापौर बसला, शोभा सिकरवार. दोन्ही चुली एकत्र आल्या तर भाकरी करपली!

गोठकर

महापौराच्या वेळी तिकिटावरूनच पक्षात दोन गटांची ओढाताण होती. घरातल्या भांडणाला मतदाराचा कौल समजू नका. शिवाय महाल स्वतः उभा होता का? नव्हता. माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे.

लष्करच्या_भाकऱ्या

म्हणजे महाल उभा असेल तर महालाची सीट, नसेल आणि जिंकला तरी महालाची, नसेल आणि हरला तर घरातलं भांडण. काका, असा दावा कधी खोटा ठरणारच नाही हो!

पाहुणा_बडोद्याचा

मध्येच तोंड घालतो. आमच्याकडेही गायकवाडांचा राजवाडा आहे, पण निवडणुकीत एवढी चर्चा होत नाही. मला वेगळंच विचारायचंय. देशपांडे, खरे, शेजवलकर बाप-लेक... इतकी मराठी आडनावं. मराठी मतांचा गठ्ठा आहे का तिथे?

मुरारची_सून

नाही. आडनाव मराठी म्हणजे मत मराठी, असं नसतं. २०१९ ला विवेक शेजवलकर दीड लाखाच्या जवळपास फरकाने आले, ते भाजपचे आणि महापौर राहिलेले म्हणून. आमच्या कॉलनीत मराठी घरं नऊ आहेत. त्यांतली चार मुलांच्या नोकरीमुळे पुण्यात, दोन बंगळुरूत. मतदार यादीत मात्र सगळे.

गोठकर

गठ्ठा नाही, पण हाताशी धरायची माणसं आहेत. मंडळं, मठ, गणेशोत्सव. पूर्वी उमेदवार ढोलीबुवांच्या मठात येऊन बसायचे, आताही येतात. संख्या कमी म्हणून वजन नाही असं नाही.

हजिरा_नाका

वजन किती ते ग्वाल्हेर दक्षिणने २०१८ मध्ये दाखवलं. प्रवीण पाठक १२१ मतांनी जिंकले! नारायणसिंह कुशवाह पडले, आणि नोटाला त्या फरकाहून कितीतरी जास्त मतं. १२१ म्हणजे एका गल्लीतली मतं. तिथे मराठी काय, कुणीही म्हणू शकतं की आम्ही पाडलं.

लष्करच्या_भाकऱ्या

आता कबुली देतो. माझं मत त्याच दक्षिणमध्ये आहे. २८ नोव्हेंबर २०१८ ला आम्ही चौघं चिंचवडला साखरपुड्याला होतो. “चार मतांनी काय होतंय” हे वाक्य माझंच. निकालाच्या दिवशी टीव्हीवर १२१ चा आकडा आला आणि वडिलांनी माझ्याकडे न बघता आवाज कमी केला. २०२३ ला त्याच दोघांत फरक २,५३६ चा, उलट्या बाजूने. त्या वेळी आम्ही सकाळी साडेसातला रांगेत होतो.

बाकी ‘जातीची बेरीज’ या माझ्या मुद्द्यासाठी २०२४ बघा. भाजपचे भारतसिंह कुशवाह, काँग्रेसचे प्रवीण पाठक. दोघेही सहाच महिन्यांपूर्वी आपापली आमदारकी हरलेले, कुशवाह ग्रामीणमधून, पाठक दक्षिणमधून. पडलेल्या दोघांतून खासदार निवडायचा होता. कुशवाह सत्तर हजारांनी आले. आठ विधानसभांपैकी निव्वळ शहरी तीनच, बाकी डबरा, भितरवार, पार शिवपुरीतलं करैरा-पोहरी. तिथे बाड्यावरच्या चहाला कोण विचारतो?

गोठकर

हे मात्र मान्य. आमच्या काळी उमेदवार कोण हे सराफ्यात ठरायचं, आता करैऱ्यात ठरतं. तरी पण महालातलं कुणी उद्या अर्ज भरू द्या, मग बोलू.

मुरारची_सून

काका, भरला तर तुम्ही कुणाला देणार?

गोठकर

ताई, तुमच्या सासऱ्यांनी नाही विचारलं ते तुम्ही विचारताय.