मदत हवी आहे: पाचवीत गणित राहिलंय, पुनर्परीक्षेची तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यात धायरीला राहतो. माझा भाचा पाचवीला आहे, राज्य मंडळाची मराठी शाळा, आणि वार्षिक परीक्षेत गणितात राहिला. आमच्या वेळी ठीक होतं, पण मध्ये २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नव्हते, मग २०१९ ला दुरुस्ती झाली आणि आता पाचवी-आठवीला परत परीक्षा आहे, निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा संधी देतात, तिथे पण नाही जमलं तर त्याच वर्गात बसवू शकतात. ताई नुसती रडतेय आणि आजोबा "ढ आहे कार्टं" म्हणून मोकळे, पोरगं तर वही उघडायलाच घाबरतंय.

मी त्याचा पेपर बघितला तर बेरीज-गुणाकार नीट येतात, छेद वेगळे असलेले अपूर्णांक आले की सरळ वरचे वर आणि खालचे खाली मिळवून टाकतो, १/२ + १/३ = २/५!! म्हणजे चूक एकच, तीच सगळीकडे. मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे मनू कपूर, त्यांचं संशोधन आहे ना, आधी मुलांना स्वतः धडपडू द्यायचं, चुकू द्यायचं आणि मग शिकवायचं, ते मला पटतं, पण आधीच घाबरलेल्या मुलाला हे चालेल का?

सिंहगड रोड, वडगाव साईडला कुणी शिक्षक माहितीयेत का जे गाईड पाठ न करून घेता पोराच्या चुका बघून शिकवतील? बॅच नको, एकट्याला शिकवणारे हवेत. आणि आजोबांना कसं आवरायचं तेही सांगा प्लीज 🙏