सल्ला हवा: ईरी लेकवर वॉलाय माशांसाठी प्लेनर बोर्ड – छोट्या बोटीला कोणते आणि किती?

लेककाठचा
मंडळी, मुक्काम ओहायोत, क्लीव्हलँडजवळ. सतरा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट आहे, मागे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. बोटीवर बहुधा मी आणि बायको, सुट्टी असली तर अकरा वर्षांचा मुलगा. आजवर नांगर टाकून पर्च मासे पकडण्यावर समाधान मानलं, आता वॉलाय हवेत. चार्टरवाले (पैसे घेऊन मासेमारीला नेणारे) दोन्ही बाजूंना लांबवर फळ्या, म्हणजे हेच प्लेनर बोर्ड, सोडून सावकाश लूर (नकली आमिष) ओढत नेतात, ते रोज बघतो. दुकानात गेलो तर भिंतभर प्रकार. थेट लाइनवर अडकवायचे छोटे बोर्ड घ्यावेत की डोलकाठी उभारून मोठे? किती जोड्या लागतील? रीलवर सध्या ब्रेड (विणलेली) लाइन आहे, ती चालेल का? खर्च हाताबाहेर गेला तर गृहखात्याची मंजुरी लागेल, हे लक्षात घेऊन सांगा.

गरीवाला
डोलकाठी विसरा. ती चार्टरवाल्यांना शोभते. त्यांच्याकडे सहा गिऱ्हाईकं आणि एक मदतनीस असतो. त्यात फायदा आहे हे खरं: मोठी फळी स्वतःच्या दोरीवर पाण्यातच राहते, मासा लागला की लाइन क्लिपमधून सुटते आणि रॉडवर फक्त मासा उरतो. पण सतरा फुटीवर पुढच्या टोकाला उभं राहून त्या दोऱ्या कोण सांभाळणार? इनलाइन, म्हणजे थेट लाइनवर अडकवायचे, घ्या. ऑफशोअर टॅकलचा ओआर-१२ किंवा चर्च टॅकलचा टीएक्स-२२, दोन्ही कंपन्या मिशिगनच्या. मी ओआर-१२ वापरतो.

फळीचं पुढचं तोंड तिरकं असतं. बोट पुढे ओढते, पाणी त्या तिरक्या तोंडावर दाब देतं आणि फळी बाजूला सरकत जाते. पतंग वाऱ्यावर चढतो तसंच, फक्त आडवं. म्हणून ओआर-१२ मध्ये डावी आणि उजवी फळी वेगळी येते. उलटी लावली तर बाहेर जायच्या ऐवजी बोटीच्या अंगावर येते.

एवढा खटाटोप कशाला, तर ईरीचा पश्चिम भाग सरासरी २४ फूटच खोल आहे. वॉलाय वरच्या दहा-पंधरा फुटांत फिरत असले तर बोट डोक्यावरून गेली की बाजूला पांगतात. बोर्ड लूरला तिथे नेतो जिथून बोट गेलेलीच नाही.

मिशिगनची_मावशी
गरीवाल्यांना अनुमोदन. पण जोड्या मोजण्याआधी रील बघा. लाइन काउंटर (किती फूट लाइन सुटली ते दाखवणारा आकडा) असलेले सारखे रील, त्यावर सारख्याच जाडीची लाइन, तीही सारखीच भरलेली. नाहीतर एकावर १०० फूट दिसतं ते दुसऱ्यावर १०० नसतं. एका रॉडला मासा लागला की बाकीचे त्याच मापावर आणायचे असतात, तेच जमलं नाही तर बोर्ड कितीही चांगले घ्या. बजेट कमी असेल तर दोन जोड्यांऐवजी एकच जोडी घ्या आणि उरलेले पैसे रीलवर घाला.

दुसरं, टॅटल फ्लॅग. फळीवरचा झेंडा स्प्रिंगवर उभा असतो, लाइनला ओढ बसली की खाली पडतो. मोठा वॉलाय लागला की फळी आपोआप मागे सरकते, ते आंधळ्यालाही दिसेल. पण वीतभर व्हाइट पर्चसारखा छोटा मासा लागला तर फळी ढिम्म हलत नाही. तुम्ही तासभर त्याला लेकदर्शन घडवत बसता. गवत अडकलं तरी झेंडाच सांगतो.

सरंगा_फ्राय
मासे कसे पकडायचे ते तुम्ही बघा, मी फक्त एवढंच सांगतो की वॉलायच्या तुकड्यांना हळद-तिखट-आगळ लावून बारीक रव्यात घोळवून तळा. इथले लोक बिअरच्या पिठात बुडवून चवच घालवतात.

लेककाठचा
@सरंगा_फ्राय आधी मिळू तर द्या 😀
@मावशी, ब्रेडचं काय?

मिशिगनची_मावशी
ब्रेड काढा, १२ किंवा १४ पौंडांचा मोनो (एकेरी नायलॉनची लाइन) भरा. ब्रेड क्लिपमधून निसटतो आणि ताणही खात नाही. बोट चालू, बोर्डची ओढ, त्यात गळ तोंड फाडून बाहेर येतो. मोनो थोडा ताणला जातो तो इथे फायद्याचा.

गरीवाला
इथे मी मावशींशी सहमत नाही. ब्रेड बारीक असतो, म्हणून तेवढ्याच लाइनवर लूर जास्त खोल जातो. क्लिपमध्ये लाइनला दोन पीळ देऊन अडकवलं की निसटत नाही. रॉड मात्र मऊ हवा, आठ फुटाच्या आसपास, ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल. पण नवशिक्याने मोनोपासून सुरुवात करावी, तेवढं मान्य.

आता लावायची पद्धत. लूर आधी बोटीशेजारी पाण्यात धरून बघा, सरळ पोहतोय ना. एका बाजूला झुकत असेल तर नाकाची कडी हलकेच विरुद्ध बाजूला वाकवा. मग ठरलेली लाइन सोडा, धरा ८० फूट. रील बंद. लाइन फळीच्या पुढच्या क्लिपमध्ये आणि मागच्या पिनमध्ये, दोन्हीकडे नीट आत सरकवून अडकवा. फळी पाण्यात ठेवा आणि अंगठा स्पूलवर (रीलच्या लाइन गुंडाळलेल्या चाकावर) ठेवून सावकाश सोडा. भसकन सोडली तर ती नाक खुपसते. सर्वात बाहेरची फळी आधी, तिचा रॉड सर्वात पुढच्या होल्डरमध्ये. आतली नंतर.

मासा लागला तर बोट थांबवायची नाही. थांबलात की सगळ्या लाइनी ढिल्या पडतात आणि मग सारवासारव करत बसायचं. एकाने रील फिरवत फळी बोटीपर्यंत आणायची, दुसऱ्याने ती काढून घ्यायची, मग मासा. तुमच्या मुलाला फळी काढायचं काम द्या, त्या वयाच्या पोरांना ते फार आवडतं. लाइफ जॅकेट अंगात हवंच.

लेककाठचा
वेग किती ठेवायचा? माझं इंजिन आयडलवरसुद्धा तीन मैलांच्या खाली येत नाही.

मिशिगनची_मावशी
मग ड्रिफ्ट सॉक घ्या, दोन्ही बाजूंना एकेक. कापडी नरसाळी असतात, पाण्यात उघडली की बोटीला मागे ओढतात. वसंतात पाणी गार असताना स्टिकबेट (लांबट माशासारखा लूर) ताशी एक ते दीड मैलाने ओढा. गांडुळाच्या हार्नेसलाही (गांडूळ टोचलेल्या गळांची जुळणी) साधारण तोच वेग. जुलैत स्पून (चमच्यासारखे धातूचे लूर) लावले की दोन-अडीच चालतं.

आणि सरळ रेघेत जाऊ नका, नागमोडी चला. वळणात आतल्या बाजूची फळी मंदावते, तिचा लूर जरा हळू चालतो. बाहेरची वेग घेते. आतल्या बाजूला मासा लागला तर वेग कमी करा, बाहेरच्या बाजूला लागला तर वाढवा. वॉलाय स्वतःच सांगतात, विचारायची तसदी घ्यायला हवी.

देवगडकर
मधेच विचारतो. आमच्याकडे सुरमईसाठी मोटरबोटीमागे लूर ओढतात. तिथे ह्या फळ्या चालतील का?

गरीवाला
ह्या नाही चालणार. छोट्या फळ्या ताशी तीन मैलांच्या आतल्या कामाच्या. सुरमईला त्याच्या दुप्पट वेग लागतो, त्या वेगात फळी उड्या मारेल किंवा बुडेल. समुद्रात लाइनी बाजूला न्यायला लांब बांबूसारखे आउटरिगर लावतात, ते बघा.

लेककाठचा
ठरलं: ओआर-१२ ची एक जोडी, दोन टॅटल फ्लॅग, दोन लाइन काउंटर रील, मोनो. ड्रिफ्ट सॉक पुढच्या पगाराला. सुरुवात कुठून करू? एजवॉटरच्या रॅम्पवरूनच (आमच्या इथे बोट पाण्यात उतरवायची जागा)?

गरीवाला
महिना कोणता त्यावर. मार्च-एप्रिलमध्ये मासा अंडी घालायला पश्चिमेला असतो, मॉमी आणि सँडस्की नद्यांत आणि बाहेरच्या रीफवर (उथळ खडकांवर). तेव्हा पोर्ट क्लिंटन, मार्बलहेडच्या बाजूने जावं लागेल. उन्हाळा चढला की बरेच मासे पूर्वेला सरकतात, मग तुमच्या दारातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्यूरन-व्हर्मिलियनला रात्रीचा खेळ असतो, पण सतरा फुटीवर गार पाण्यात रात्री जाऊ नका, अगदी साफ सांगतो. ईरी उथळ आहे म्हणून वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. अंदाज दोन फुटांच्या वर गेला की घरी बसा. पेली बेटाकडे सरकलात तर ते कॅनडा, ऑन्टारिओचं लायसन्स वेगळं. माणशी किती रॉड आणि किती मासे चालतात ते त्या वर्षीच्या ओहायोच्या पुस्तिकेत बघून निघा.

मिशिगनची_मावशी
आणि गर्दीच्या दिवशी फळ्या बोटीपासून ५० फुटांच्या आतच ठेवा. वीकेंडला लोक दोन बोटींच्या मधून बिनदिक्कत घुसतात, फळी त्यांना दिसतच नाही. केशरी झेंडे लावलेत तरी एक डोळा मागे हवा. ते काम बायकोकडे सोपवा, तिला तुमच्या आधी मासाही दिसेल.